रोजचा मेकअप: चेहरा कशाने बिघडतो आणि कशाने नाही

प्रश्न असा आहे. परभणीकडच्या एका ताईंना जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली आहे. स्कूटीवर रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटरचं. वर्गात नीटनेटकं दिसावं म्हणून त्या फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, काजळ आणि लिपस्टिक लावतात. घरी सासूबाई म्हणतात, "रोज रोज लावून तोंडाची चामडी जाईल." गल्लीतल्या बायका विचारतात, "कुठं चालली माय, एवढी नटून?" दुपारी दोनच्या सुमाराला चेहरा काळपट पडला की ताईंनाही सासूबाईंचंच खरं वाटायला लागतं. रोज मेकअप केल्याने चेहरा खराब होतो का, आणि आपल्याकडच्या उन्हात तो टिकवायचा कसा, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे.

ताई, आधी सरळ उत्तर. मुदतीतलं, लेबल नीट असलेलं, तुमच्या त्वचेला न खाजवणारं आणि रात्री पूर्ण काढलेलं फाउंडेशन किंवा लिपस्टिक रोज लावल्याने चेहरा खराब होत नाही. आपल्या बायकांची भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या डबीवर जाऊन बसली आहे. कुंकू, टिकली, काजळ, हळद, टाल्कम पावडर यांना आपण मेकअप म्हणतच नाही, ते रोजचं आवरणं. लिपस्टिक आणि फाउंडेशन म्हणजे नट्टापट्टा. आणि मेडिकलवरून आणलेली गोरेपणाची क्रीम म्हणजे तर औषधच, तिच्याबद्दल कोणी शब्द काढत नाही. लांबत गेलेले, भरून यायला वर्ष-वर्ष लागणारे त्रास बघितले तर ते बहुतेक या पहिल्या आणि तिसऱ्या गटातून आलेले असतात. लिपस्टिकवाली मात्र बोलणी खाते.

आता तुमचा दुपारचा काळपटपणा. त्याची कारणं साधारण चार असतात आणि एकाच चेहऱ्यावर चारही सापडू शकतात.

पहिलं, शेड. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली मनगटावर लावून घेतलेली शेड चेहऱ्याला जुळेलच असं नाही. मनगटाची आतली बाजू चेहऱ्यापेक्षा उजळ असते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत पिवळसर झाक असते. गुलाबी झाकेचं फाउंडेशन त्यावर राखेसारखं दिसतं. शेड बघायची ती जबड्याच्या कडेला, गालाकडून मानेकडे येणारी बोटभर रेघ ओढून. तीन शेडच्या तीन रेघा ओढा आणि दुकानाच्या बाहेर उजेडात या. संभाजीनगरच्या गुलमंडीत असा की लातूरच्या गंजगोलाईत, दुकानदार काही म्हणत नाही. पण तिथेच निर्णय घेऊ नका. २० मिनिटं ते अर्धा तास बाकीचा बाजार करा आणि परत आरशात बघा. त्वचेचं तेल आणि हवा लागून बरीच फाउंडेशनं अर्धी ते एक शेड गडद होतात. तुमच्या बाबतीत दुपारी दिसतं ते बऱ्याच अंशी हेच असावं. अर्ध्या तासानंतर जी रेघ दिसेनाशी होते, ती तुमची. आपल्याकडे बहुतेक बायकांचं कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग गालापेक्षा गडद असतो. म्हणून गालाच्या उजळ भागाला जुळवलेली शेड कपाळावर मुखवट्यासारखी दिसते. मधली घ्या आणि मानेशी ताडून बघा.

दुसरं, घामावर पावडर. मधल्या सुट्टीत चेहरा चमकला की कॉम्पॅक्टचा पफ फिरवला जातो. खाली घाम आणि तेल तसंच, वर पावडर. तिचा लगदा होऊन नाकाच्या कडेला आणि कपाळाच्या आठ्यांत बसतो. आधी टिपायचं, मग पावडर. सुती रुमालाची घडी किंवा टिश्यू त्वचेवर ठेवून तीन सेकंद दाबा आणि उचला. घासू नका. घासलं की खालचं सनस्क्रीनही निघून येतं. पुष्कळदा टिपल्यावर पावडरची गरजच उरत नाही. पफ आठवड्यातून एकदा शाम्पूने धुऊन उन्हात खडखडीत वाळवायचा. महिनोन्‌महिने न धुतलेला पफ गालावर पुरळ आणतो आणि बोल कॉम्पॅक्टला लागतो.

तिसरं, खरोखरचं ऊन. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि तुम्ही ४० किलोमीटर त्यात असता. फाउंडेशनच्या बाटलीवर एसपीएफ (ऊन किती अडतं ते सांगणारा आकडा) १५ लिहिलेलं असलं तरी फाउंडेशन आपण लावतो हरभऱ्याएवढं. एसपीएफचा आकडा मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतक्या जाड थराचा. तेवढं फाउंडेशन कोणी लावत नाही आणि लावूही नये. सनस्क्रीन वेगळंच लागतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहऱ्याला आणि मानेला. एसपीएफ ३० नीट लावलं तर जळवणारे किरण ९७ टक्क्यांच्या आसपास अडतात, ५० लावलं तर ९८ टक्के. म्हणजे महागाचं ५० थोडंसं लावण्यापेक्षा ३० भरपूर लावलेलं केव्हाही बरं. गालावर वांग असेल तर रंगीत सनस्क्रीन घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड साध्या दिसणाऱ्या उजेडालाही अडवतं, आणि वांग त्या उजेडानेही वाढतो. शिवाय पांढरट थर दिसत नाही. वांगवाल्या पुष्कळ जणींचं फाउंडेशन या एका ट्यूबने सुटतं.

चौथं कारण आपल्याकडचं खास: स्कार्फ. स्कूटीवर डोळे सोडून सगळं बांधून घेणं शहाणपणाचंच आहे, सोडू नका. पण सनस्क्रीन लावल्या लावल्या स्कार्फ बांधला की निम्मं कापडाला लागतं. लावल्यावर १० ते १५ मिनिटं जाऊ द्या, डबा भरेपर्यंत तेवढा वेळ होतोच. कापड सुती हवं. सिंथेटिक स्टोल घासतो आणि घाम अडवून हनुवटीवर पुरळ आणतो. एक दिवसाआड धुवायचा, म्हणजे किमान दोन हवेत. आणि लिपस्टिक घरी लावूच नका. शाळेत पोहोचून स्कार्फ सोडल्यावर लावा. आरसा नसला तरी बोटाने लावता येईल असा मातकट, विटकरी किंवा मरून रंग ठेवला की काम भागतं. गव्हाळ-सावळ्या चेहऱ्याला हे रंग शोभतात. फिक्या न्यूड शेडने ओठ आजारी माणसासारखे दिसतात.

तर सकाळी काय करायचं? तोंड धुवा. थंडीत मॉइश्चरायझर आधी, उन्हाळ्यात त्वचा तेलकट असेल तर ते गाळून थेट सनस्क्रीन. १० मिनिटं थांबा. मग फाउंडेशन सगळ्या चेहऱ्याला फासायचं नाही. तांदळाच्या दोन दाण्यांएवढं घ्या आणि डोळ्यांखाली, नाकाच्या दोन्ही बाजूंना, ओठांच्या कोपऱ्यांना, एखादा डाग असेल तर त्यावर, अनामिकेने थापटून बसवा. बाकीची त्वचा उघडी राहू द्या. रोजच्या मेकअपमध्ये हीच मेख आहे. संपूर्ण थर घामाने फाटतो तेव्हा लांबून दिसतं. जागोजागी लावलेलं गेलं तरी कळत नाही. डोळ्यांखाली जास्त काळं असेल तर आधी नारिंगी करेक्टरचा (काळेपणाचा रंग मारणाऱ्या क्रीमचा) अगदी पातळ हात द्या. नुसतं उजळ कन्सीलर (डाग झाकणारी क्रीम) काळ्यावर लावलं की ते राखाडी होतं. कॉम्पॅक्ट फक्त कपाळाच्या मध्यावर, नाकावर आणि हनुवटीवर. गाल सोडा, आपल्याकडच्या कोरड्या हवेत गालावरची पावडर दुपारपर्यंत भेगाळते.

काजळ पसरतं ते पापणीखालच्या तेलामुळे. लावण्याआधी डोळ्यांखाली चिमूटभर पावडर बोटाने टेकवा. काजळाची रेघ डोळ्याच्या आतल्या ओल्या कडेवर ओढण्यापेक्षा पापण्यांच्या मुळाशी ओढा आणि त्यावर गडद तपकिरी आयशॅडो कापसाच्या काडीने दाबा. संध्याकाळपर्यंत हलत नाही.

आता खराब होण्याचा खरा संबंध जिथे येतो, ते काढणं. फाउंडेशन आणि टिकाऊ काजळ नुसत्या साबणाने निघत नाही. त्यात आपलं बोअरचं पाणी जड. बादलीला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, त्याच पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करतं. तो चेहऱ्यावर राहतो. त्वचा ओढल्यासारखी होते, बारीक पांढरी सालपटं निघतात. "मेकअपने सालं निघाली" असं जे म्हणतात, त्यातल्या पुष्कळ चेहऱ्यांवर दोष साबण आणि पाण्याचा असतो. अंगाचा साबण चेहऱ्याला बंद करा. फेसवॉश किंवा सिंडेट बार (साबणासारखी दिसणारी, पण साबण नसलेली वडी) वापरा, जड पाण्यात त्यांचा तसा साका होत नाही. पद्धत अशी: कोरड्या चेहऱ्यावर अर्धा चमचा खोबरेल, एक मिनिट हलक्या हाताने फिरवायचं, काजळ आणि लिपस्टिकवरही. जुन्या मऊ सुती कापडाचा ओला तुकडा पिळून त्याने पुसायचं. मग वाटाण्याएवढा फेसवॉश, ३० सेकंद, आणि धुवायचं. शेवटचा एक तांब्या जारच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा घेतला तर फरक आठवड्याभरात दिसतो. टँकरच्या दिवसांतही एवढं दोन तांब्यांत होतं. मुरुमं येणारी त्वचा असेल तर खोबरेलाऐवजी कापसावर मायसेलर वॉटर (मेकअप काढायचं पाण्यासारखं द्रव) घ्या, खोबरेल तिथे छिद्रं बुजवतं. आणि ज्या रात्री खरंच अंगात त्राण नसेल, त्या रात्री निदान ओल्या कापडाने पुसून झोपा.

आता ज्यांना आपण मेकअप म्हणत नाही, त्या गोष्टी.

टिकली. तिच्या पाठीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं. काही जणींच्या त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी ते मारतं आणि कपाळावर बरोबर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग उमटतो. आधी खाज येते, मग तांबूसपणा, मग पांढरं. खाज आली त्या दिवशीच टिकली बंद करायची. डाग झाकायला त्यावरच आणखी मोठी टिकली लावणं ही घरोघरी दिसणारी चूक, तिने डाग वाढतो. रात्री टिकली काढून ठेवा, आरशाला चिकटवून चार-चार दिवस तीच वापरू नका, आणि जागा थोडी वर-खाली बदलत राहा.

कुंकू. हळदीला चुन्यासारख्या अल्कलीचा संस्कार देऊन केलेलं कुंकू बहुतेकींना सोसतं. बाजारातल्या लालभडक कुंकवात अनेकदा अझो नावाचे कृत्रिम रंग असतात. त्यांनी कपाळावर आणि भांगात आधी खाज आणि मग काळसर-जांभळट डाग येतात. घरी बघायचं असेल तर पांढऱ्या बशीत चिमूटभर कुंकू घ्या आणि त्यावर लिंबाचे चार थेंब पिळा. हळदीचा लाल रंग अल्कलीमुळे आलेला असतो, आंबटाने तो मोडतो आणि कुंकू डोळ्यांदेखत पिवळं पडतं. तसंच लालभडक राहिलं तर रंग दुसरा आहे. अर्धवट पिवळं झालं तर भेसळ समजा. तुळजापूरहून प्रसाद म्हणून आणलेलं असो की किराणा दुकानातलं, कपाळाला रोज लागणार असेल तर एकदा बघून घ्या. जुन्या बायका आधी मेण लावून त्यावर कुंकू रेखायच्या, त्यात पोच होती. कुंकू टिकतं आणि त्वचेला थेट लागत नाही.

काजळाचं थोडक्यात: एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं घरचं काजळ म्हणजे काजळी, कार्बन, स्वच्छ डबीत केलेलं असेल तर मोठ्यांनी पापणीच्या बाहेरून लावायला हरकत नाही. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात घालू नका. सुरम्याचं मात्र सावध. पारंपरिक सुरमा गॅलिना या खनिजाचा असतो, म्हणजे शिशाचं सल्फाइड. उरुसातून आणलेल्या, कंपनीचं नाव नसलेल्या डबीत काय आहे ते कळायला मार्ग नाही. लहान मुलांना आणि गरोदर बाईला तर नकोच.

आणि ती ट्यूब. गोरेपणासाठी मेडिकलवाल्याकडून, जावेच्या सांगण्यावरून आणलेली. तिच्यात बहुधा तीन गोष्टी असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड. सुरुवातीच्या आठवड्यांत चेहरा इतका उजळतो की बाई चार जणींना सांगते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसतात, चुलीसमोर किंवा उन्हात आग होते, पुरळ येतं, हनुवटीवर केस वाढतात. ट्यूब थांबवली की काही दिवसांत चेहरा लाल होऊन सुजतो, म्हणून परत लावली जाते. हे चक्र बाईने एकटीने तोडायचं नसतं. अशी स्टेरॉइड मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायलाच नकोत. यापैकी काहीही ओळखीचं वाटलं तर ट्यूब बरोबर घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर, नांदेड, इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत हे दाखवता येतं. लेबल नसलेल्या किंवा परदेशी अक्षरांच्या डबीतल्या क्रीममध्ये पाराही असू शकतो, आणि तो मूत्रपिंडावर जातो. आपल्या कायद्यात चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला बंदी आहे. फाउंडेशनला घाबरणाऱ्या घरात ही ट्यूब बिनदिक्कत फ्रिजवर पडलेली असते, याचं फार वाईट वाटतं.

लिपस्टिकने ओठ काळे पडतात हाही समज पक्का आहे. लिपस्टिकची ॲलर्जी होऊ शकते, पण ती आधी खाजते आणि सोलते. तसं झालं तर ती शेड बदला. बाकी काळेपणा बहुतेकदा ओठ चाटण्याने, उन्हाने आणि काहींच्या बाबतीत मिश्रीने येतो. मिश्री तंबाखूच आहे, तिचा धोका रंगापेक्षा फार मोठा आहे.

राहिलं लोकांचं बोलणं. ते खरं म्हणजे बदलाला येतं. कालपर्यंत नुसती पावडर लावणारी आज सगळं लावून निघाली की नजर जाते. पहिले १५ दिवस फक्त रंगीत सनस्क्रीन आणि काजळ, मग ओठांचा मातकट रंग, असं गेलात तर तुमचा तोच चेहरा म्हणून लोक बघायला लागतात. सासूबाईंना उत्तर देण्यापेक्षा त्यांच्या टिकलीखालची त्वचा एकदा उजेडात बघा आणि त्यांनाही सनस्क्रीन लावून द्या, शेतात आणि अंगणात ऊन त्यांनाही लागतंच. ज्या दिवशी मन नसेल त्या दिवशी काहीच लावू नका. मास्तरीणबाईच्या कामात त्याने काही उणं येत नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. नवरा गेलेल्या बायका टिकलीबरोबर सनस्क्रीन आणि लिप बामही सोडून देतात, नटली म्हणतील म्हणून. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनेही इतर गावांना तसं आवाहन केलं. तुमच्या शाळेत, घरात अशी कोणी असेल तर तिला तुम्ही होऊन सांगा की ऊन कुंकू बघून लागत नाही. टिकली लावायची की नाही, हे तिचं तिला ठरवू द्या.

घ्यायचं काय आणि कोणत्या क्रमाने? पहिल्या पगारात सनस्क्रीन आणि फेसवॉश, बाकी काही नाही. दुसऱ्या महिन्यात एक लिपस्टिक आणि काजळ पेन्सिल. फाउंडेशन किंवा कन्सीलर सगळ्यात शेवटी, तेही सनस्क्रीनने भागत नसेल तर. आठवडी बाजारात मोठ्या नावांची हुबेहूब नक्कल मिळते. उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, लायसन्स नंबर आणि मुदत या चार गोष्टी नीट छापलेल्या नसतील तर फुकट मिळालं तरी नको. नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला सलग ५ ते ७ दिवस लावून बघा. डबीवर उघड्या झाकणाचं चित्र आणि त्यात १२ लिहिलेलं असेल, तर ती उघडल्यापासून १२ महिने वापरायची. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून लावून ठेवा. आणि पत्र्याच्या घरात मे महिन्यात लिपस्टिकवर तेलाचे थेंब येतात, सनस्क्रीनमध्ये पाणी वेगळं होतं. फ्रिज नसेल तर सगळं एका डब्यात घालून माठाशेजारी, भिंतीच्या सावलीच्या बाजूला ठेवा. स्कूटीच्या डिकीत मात्र कधीच नाही. पाणी सुटलेलं सनस्क्रीन हलवून वापरू नका, टाकून द्या.